दस्तगीर मनेराची अर्धी गोष्ट

बसा. तो पाला हातानं सारा आनि टेका हितं कट्ट्यावर. गोष्ट सांगतो, पन एक अट हाय. हुंकार द्यायचा न्हाई. तुमी मगापासनं 'हूं, हूं' करताय, ते मला चालत न्हाई. लोक म्हनत्यात, हुंकार न्हाई तर गोष्ट न्हाई. आमचा आज्जा तर हुंकार थांबला की पोरांच्या पाठीत धपाटा घालायचा. माझं उलटं हाय. समोरच्यानं नुसतं हूं केलं की माझी गोष्ट तितंच बसती. का, ते सांगतो. आधी हिकडं कान लावा, छातीला. टिकटिक ऐकू येती? घड्याळ न्हवं ते. मीच वाजतोय. आत लोखंडाची झडप हाय.

मी गुळव्या. चुलवानावर काहील चढवायची, उसाचा रस आटवायचा, वरची मळी काढायची आनि पाक झाला ती येळ वळखून काहील उतरवायची, ह्यात जन्म गेला. त्या धगीम्होरं मानूस बोलत न्हाई. बोललं तर तोंडात राख जाती. बायको म्हनायची, ह्यांच्या तोंडात गुळाची ढेप बसवलीया देवानं. तुमी हसताय, पन खरंच मुका मानूस व्हतो मी. ह्ये आत्ता जे तोंड चालतंय, ते मागनं आलं.

तर छाती उघडून झडप बसवली, टाकं वाळलं, घरी आलो आनि खाटंवर पडलो तो उठंनाच. बायको म्हनायची हलू नगा. पोरगं म्हनायचं हलू नगा. गाव बगायला यायचं, च्या प्यायचं, आनि जाताना म्हनायचं, शिदबा, आता नुसतं पडून ऱ्हा. माया अशीच असती आपल्याकडं, मानसाला खाटंला बांधून घालती. आनि मलाबी भ्या वाटायचं. उठलो आनि आतलं लोखंड निसटलं तर? पायाच्या काड्या झाल्या. लघवीला जायाचं तरी दोघंजन धरायचं. तवा आमच्या डागदरनं मला दुसऱ्या दवाखान्यात धाडलं. नदीच्या पल्याड माळावर एका ट्रस्टचा दवाखाना व्हता. तितं आप्रेशन करत न्हवतं. ज्येंची हृदयं पार कामातनं गेल्यात अशा लोकांना ठिवून घ्यायचं आनि पुन्यांदा चालायला शिकवायचं. पोरगं म्हनलं, आप्पा, चालायची शाळा हाय. मी म्हनलं, साळंत कवा गेलो न्हाई, आता ह्या वयात घाल.

पैल्या सकाळी मला व्हरांड्यात आनून हुबा केला. लांबलचक व्हरांडा, एका अंगाला खाटांच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला कठडा, आनि पल्याड आवारात चिंचंचं झाड. आवळे बाई म्हनून एक चालवनाऱ्या बाई व्हत्या. अंगानं बारीक, पन आवाज शिट्टीगत. त्येंचा नेम असा, की एकट्यानं चालायचं न्हाई. बैलाला जोडी लावत्यात तशी दोन दोन मानसाची जोडी लावायची.

"बोलत चालायचं," बाई म्हनल्या. "गप्पा मारत. बोलणं तुटलं, म्हणजे हृदयाला झेपत नाही. मग थांबायचं. एकाचं तुटलं तरी दोघांनी थांबायचं."

मी म्हनलं, बाई, मला बोलायला येत न्हाई.

"म्हणून तर तुम्हाला यांच्याबरोबर लावलंय," आसं म्हनून त्येंनी शेजारच्या खाटंकडं बोट केलं.

तितं दस्तगीर मनेर बसला व्हता. वाळून खारीक झालेला, पावलं तेवढी सुजून पुरीगत टम्म, आनि ओठ जांभूळ खाल्ल्यागत निळं. ल्हानपनी सांधं धरून ताप आलेला, त्यात दोन झडपा गेल्या, आनि पुढं जन्मभर कुनाच्या ध्यानात आलं न्हाई, का तर त्यो बसलाच न्हाई कुटं. खांद्याला बांगड्यांच्या माळा टाकून गावोगाव फिरायचा. आता हृदय फुगून बसलेलं. त्येनं माझा हात धरला, मनगट फिरवून बगितलं, आनि पैला शब्द बोलला तो असा:

"अडीचची बसंल. बाईमानूस असतास तर सव्वादोनची चढवली असती, कळू न देता."

कळू न देता म्हंजी काय, तर त्येचा धंदाच तसा. बांगडी जेवढी घट्ट तेवढी हाताला शोभती, आनि जेवढी घट्ट तेवढी चढताना दुखती. मंग मनेर काय करतो, गोष्ट सांगतो. बाई गोष्टीत अडकली की हात सैल सोडती, त्या येळंला मूठ दाबून बांगडी सरकवायची. "बाई आई गं म्हनायच्या आत गोष्टीला वळान द्यायचं," त्यो म्हनायचा. "दुखनं लपवायलाच गोष्ट असती, शिदबा. न्हाईतर कशाला कोन सांगतंय."

तवा मी ते हसन्यावारी नेलं.

आमी चालाय लागलो. त्यो बोलायचा, मी हुंकार द्यायचो. तेवढं यायचं मला. सुरवातीला दुसऱ्या खिडकीपतुर, मंग दाराच्या पल्याड, असं करत. तितं मीठ न्हाई, आळनी वरन-भात. आनि पानी मोजून, सकाळी ज्येला त्येला एक बाटली भरून मिळायची, ती दिसभर पुरवायची. उनाळ्याचं दिस. दस्तगीर म्हनायचा, सासुरवाशिनीचंबी पानी असं मोजत न्हाईत. पन त्यो एक करायचा. बाटलीच्या तळाला घोटभर पानी शिल्लक ठिवायचा आनि ते उशाला डोळ्याम्होरं मांडायचा. कितीबी घसा सुकू दे, त्या घोटाला हात लावायचा न्हाई. म्हनायचा, पानी हाय असं दिसलं की निम्मी तहान भागती. शेजारच्या खाटंवरचा एक मास्तर त्येला चेष्टेनं म्हनला, मनेर, तो घोट इकून टाका मला. दस्तगीर म्हनला, मास्तर, बायको मागा, घोट मागू नगा.

चालता चालता त्यो हौसाची गोष्ट सांगायचा. डोंगराकडचं एक गाव, घरटी एक गडी पलटनीत. हौसाचा नवराबी पलटनीत, बर्फाच्या मुलखात. कागद यायचं थांबलं. मंग सरकारचा सांगावा आला, बेपत्ता. मेला म्हनत न्हाईत आनि जिता म्हनत न्हाईत. सासू म्हनाली, बांगड्या वाढीव. आमच्यात फोड म्हनत न्हाईत, वाढीव म्हनत्यात, ते तुमास्नी ठावं असंल. हौसा म्हनाली, जवर कुनी डोळ्यानं बगितलेलं सांगत न्हाई तवर मी हिरवं काढनार न्हाई. आनि दरसाल गौरीच्या आधी दस्तगीर त्या गावात गेला, झाडाखाली बसला, की सगळ्या बायकांच्या आधी हिचा हात म्होरं. हिरव्या भरा, मामा.

मंग एका वर्षी दुसऱ्याच गावात दस्तगीर एका घरी बांगड्या भरत व्हता. त्या घरचा गडी रजंवर आलेला, त्याच पलटनीतला. त्येनं बोलता बोलता सांगितलं, की हौसाच्या नवऱ्याला त्येनं सवताच्या हातानं बर्फात मूठमाती दिली. म्हनला, त्याच्या घरी जाऊन सांगायची माझ्यात ताकद न्हाई. पुढच्या साली दस्तगीर त्या झाडाखाली बसला. हौसा आली. हात म्होरं केला. निम्म्या बांगड्या चढल्या, आनि ती खाली बगून, हळूच, बाकीच्या बायांना ऐकू जानार न्हाई अशी म्हनाली, मामा, तुमी धा गावचं पानी पिता. खरं सांगा. हैत का त्ये?

"आनि?" मी म्हनलं.

नेमका तितं दस्तगीरचा दम तुटला. आवळे बाईंनी हात वर केला, थांबा. भिंतीला टेकून त्यो धापा टाकत हसत व्हता. उद्या, म्हनला. उद्या म्हनून त्येनं दुसरंच कायतरी लावलं, कुना पाटलिनीच्या हातात बांगडी अडकलेली. परवा तिसरंच. मी रोज इचारायचो, हौसाला काय सांगितलंस? त्यो म्हनायचा, आधी चाल. शेवट फुकट मिळत न्हाई. आनि खरं सांगतो, त्या शेवटासाठनं मी चाललो. झडपंसाठनं न्हवं.

असं करत मला बरं वाटाय लागलं, पाय धरायला लागलं. आनि मंग एक दिवस दस्तगीर म्हनला, शिदबा, आता तू बोल. माझं तोंड सुकतंय.

मी म्हनलं, मी काय बोलू? म्हनला, गूळ सांग. मंग मी गूळ सांगाय लागलो. काहील कशी घासायची, जळान घालनाऱ्या चुलव्यानं जाळ कवा वडायचा, पाकाचा थेंब गार पान्यात टाकून गोळी कशी बगायची, गोळी झाली न्हाई आनि काहील उतरवली तर गुळाचा नुसता राब हुतो, ढेप धरत न्हाई. असलं ऐकनार कोन? पन त्यो हुंकार असा द्यायचा, की काय सांगू. कवा चढता, कवा पडता, कवा 'हूंऽ?' असा, की तुमाला वाटावं पुढचं न्हाई ऐकलं तर ह्याचा जीव जाईल. जन्मात पैल्यांदा कोनतरी माझं ऐकत व्हतं. बायकोनं एवढं ऐकलं न्हाई, पोरानं न्हाई. मी सुटलोच. आवळे बाई लांबनं म्हनायच्या, शिदबा, तुम्हाला बोलता येत नव्हतं ना?

तेवढ्यात दवाखान्यात बातमी आली, की पुन्याचं मोठं डागदर येनार. जी मानसं तयार झाल्यात त्येंना बगनार, आनि आप्रेशनसाठनं घेऊन जानार. दस्तगीरचं नाव त्यात व्हतं. दोन्ही झडपा बदलायच्या. फकस्त चिंचंपतुर जायाचं आनि परत यायचं, न थांबता, बोलत. आवळे बाई त्येच्यावर खूश व्हत्या. तुमच्या जोडीचं बोलणं हल्ली तुटतच नाही, म्हनल्या.

आनि खरंच तुटत न्हवतं. मी बोलतच व्हतो की.

मला कवा कळलं ते सांगतो. एका सकाळी मी आमच्या चुलव्याची गोष्ट सांगत व्हतो. तरनाताठा गडी, काहिलीत पाय घसरून पडला. उकळत्या पाकात. मी सांगितलं, त्येला बाहेर वडला तवा त्येची कातडी माझ्या हाताला आली. आनि दस्तगीर म्हनला, "हूंऽ!" हसऱ्या सुरात. कुनी लग्नाचं सांगितल्यावर द्यावा तसा.

मी चालता चालता त्येच्याकडं बगितलं. त्येचं माझ्याकडं ध्यानच न्हवतं. एक हात भिंतीवरनं सरकत चाललेला, मानंच्या शिरा दोरागत तटतटलेल्या, ओठ काळंनिळं, आनि नजर समोरच्या दारावर, ते कवा येतंय म्हनून. त्यो ऐकत न्हवताच. नुसता दम धरून हुंकार टाकत व्हता, मधल्या फटीत. हुंकाराला दम लागत न्हाई. नाकातनं येतो त्यो.

दुपारी बाकीची मानसं झोपल्यावर मी त्येला चिंचंखाली गाठला. म्हनलं, कवापासनं? त्येनं वळखलं. लपवलं न्हाई. म्हनला, लई दिस झालं. आधी दाराच्या पल्याड दम जायाचा, आता दुसऱ्या खिडकीपाशीच जातोय.

"मंग बाईला सांग की."

"सांगितलं तर डागदर मला बगनार न्हाई. परत कवा येनार, कुनाला ठावं. तू बाईला कळू देऊ नगंस, शिदबा. त्या दिवशी तेवढा गूळ सांगत ऱ्हा. बाकीचं मी बगतो."

मी म्हनलं, गोळी झाल्याबिगर काहील उतरवू नये.

"मी गूळ न्हाई," त्यो म्हनला. मंग म्हनला, "खाटंवर मेलेला मनेर बगितलायस कवा? माझा बाप वाटंत गेला, आज्जा वाटंत गेला. टेबलावर मेलो तर मेलो, कुटंतरी जाता जाता तरी मेलो असं हुईल. हितं पडून न्हाई."

मी काय बोललो न्हाई. माझी जुनी सवं.

बेस्तरवारी त्येची बायको आली, रशीदा. येताना दर्ग्यातला अंगारा आनला व्हता, त्येच्या कपाळाला लावला, आनि राहिलेला माझ्याबी. मला बाजूला घेऊन म्हनाली, भाऊ, तुमी त्येंचं जोडीदार, तुमाला खरं ठावं असनार. बोलनं तुटत न्हाई ना त्येंचं? डागदर नेतील ना? मी खाली बगितलं आनि म्हनलं, हूं.

तेवढ्या एका हूं वर ती बाई हसत घरी गेली. जाताना पायरीवर आवळे बाईंना सांगत व्हती, गौरीच्या आत घरी येत्याल म्हनून, नव्या माळा भरून ठिवते.

मी आवळे बाईंना इचारलं. त्येचं नाव घेतलं न्हाई. नुसतं म्हनलं, बाई, समजा एखादा तयार न्हाई झाला आनि तसाच टेबलावर गेला तर काय हुतं हो? बाई रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत व्हत्या. त्येंनी वर बगितलं न्हाई. म्हनल्या, "झडप बसते, शिदबा. माणूस उठत नाही. म्हणून तर आधी इथं चालवतो." मंग त्या थांबल्या, माझ्याकडं बगितलं. "का?" मी म्हनलं, काय न्हाई, असंच.

डागदर आलं त्या दिवशी सकाळीच ऊन तापलेलं. उंच मानूस, आवाज मऊ, घाई असून दाखवत न्हवता. डागदर म्हनलं, मी आपला मागनं येतो, तुम्ही रोजच्यासारखे चाला. पुढं आमी दोघं, मागं डागदर आनि आवळे बाई. रशीदा व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलेली, पदर तोंडात धरून. दस्तगीरनं त्या दिवशी दाढी केली व्हती, नवा लेंगा घातला व्हता. निघताना त्येनं माझ्या हाताला चिमटा काढला. चल, गूळ सांग.

मी गूळ सांगाय लागलो. माझं मलाच कळत न्हवतं काय सांगतोय. त्येचं हुंकार बरूबर पडत व्हतं, त्या दिवशी तर लईच बरूबर. व्हरांडा सपला. पायऱ्या उतरलो. मागनं डागदर म्हनलं, छान, छान चाललंय. आवारात भिंत न्हवती, त्येनं माझ्या खांद्यावर हात टाकला, जसा दोस्तानं टाकावा. पन त्यो हात न्हवता, वजन व्हतं. चिंच आली. तिला हात लावून वळलो. आता तोंड डागदरकडं. त्येचं डोळं उघडं व्हतं पन त्यात कोन न्हवतं. हूं, म्हनला. मी तर गप झालो व्हतो, तरी म्हनला, हूं.

मी थांबलो न्हाई. चालता चालताच इचारलं. मोठ्यानं इचारलं, डागदरला ऐकू जाईल असं.

"मनेर, हौसाला तू काय सांगितलंस?"

त्येनं माझ्याकडं बगितलं. तोंड उघडलं. ओठ हललं, बगा, शब्द व्हता ओठात, मला दिसला. पन आवाज आला न्हाई. पुन्यांदा केलं. न्हाई आला. मंग त्येचा हात माझ्या खांद्यावरनं घसरला आनि त्यो तितंच फुफाट्यात बसला, नव्या लेंग्यावर.

पुढचं सगळं झटक्यात झालं. आवळे बाई धावल्या, खुर्ची आली, नळी आली. डागदरनं त्येच्या छातीला कान लावला तो बराच येळ काढला न्हाई. उठलं तवा मऊच बोललं. म्हनलं, आत्ता नाही. आत्ता नेलं तर मी यांना परत आणू शकणार नाही. अजून राहू देत इथं. पुढच्या खेपेला बघू. रशीदा तिथवर आली व्हती. तिनं डागदरकडं बगितलं न्हाई. माझ्याकडं बगितलं. ती नजर अजून हाय माझ्याजवळ.

दस्तगीर बोलायचा बंद झाला. माझ्याशी न्हवं नुसतं, सगळ्यांशीच, पन माझ्याशी जास्त. भिंतीकडं तोंड करून पडायचा. बाईंनी आमची जोडी मोडली, मला मास्तरासंगं लावलं. मास्तर बोलायचा लई, पन त्येचं सगळं पेन्शनीचं. मी एकदोनदा खाटंपाशी गेलो, म्हनलं, मनेर. त्येनं डोळं मिटून घेतलं. मी म्हनलं, शिव्या तरी घाल. न्हाई घातल्या.

माझी घरी जायाची पाळी आली. पोरगं न्यायला आलेलं, पिशवी भरली. माझी बाटली कवाच रिकामी झालेली, आनि तोंडाला कोरड. मी खाटंवर बसून चपला घालत व्हतो. तेवढ्यात शेजारनं आवाज आला, म्हनून बगितलं. दस्तगीर उठून बसला व्हता. त्येनं उशाची बाटली घेतली, तळाचा त्यो घोट, ज्येला त्यो सवता हात लावत न्हवता, माझ्या फुलपात्रात वतला. फुलपात्र माझ्याकडं सरकवलं. माझ्याकडं बगितलं न्हाई. परत भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

मला काय कळंना. मी त्यो घोट प्यालो. कोमट पानी व्हतं, जरा प्लॅस्टिकचा वास. पोरगं म्हनलं, चला आप्पा, गाडी थांबलीय.

पुढं आवळे बाईंचा फोन आला. म्हनल्या, डॉक्टर पुन्हा येऊन गेले, पुन्हा नाही म्हणाले. आनि मंग गौरी आठवड्यावर आली असताना दस्तगीर गेला. दुपारचा, खाटंवर, रशीदा पेज भरवत असताना. वाटंत न्हाई.

मी त्येच्या गावी गेलो. बायको म्हनत व्हती, जाऊ नगा, तोंड कसं दाखवाल. गेलो. एकखनी घर, आत खुंट्यांना बांगड्यांच्या माळा तशाच टांगलेल्या, हिरव्या, तिनं भरून ठिवलेल्या. वारं आलं की किनकिनायच्या. रशीदा दारात आली. बस म्हनाली न्हाई. मी उंबऱ्याबाहेरच हुबा ऱ्हायलो. म्हनलं, भाभी, एकच इचारतो आनि जातो. हौसाला त्येनं काय सांगितलं?

तिनं किनकिननारी एक माळ हातानं धरून थांबवली.

"खरं सांगितलं," म्हनाली. "न्हाईत म्हनून सांगितलं. तिनं तितंच, त्येंच्याम्होरं, एकेक बांगडी उतरवून त्येंच्या वंजळीत घातली. फोडली न्हाई. आनि त्या दिवसापास्नं त्येंच्याशी बोलली न्हाई. जन्मात न्हाई."

मी म्हनलं, मंग?

"मंग काय. दरसाल हे त्या झाडाखाली बसायचं. ती यायची न्हाई. पन हे बसलं की तिच्या घरनं पान्याचा तांब्या यायचा. कुनीतरी पोर आनून ठिवायचं, काय न बोलता. पाऊस असू दे, कायबी असू दे. ती मरंस्तवर यायचा." मंग म्हनाली, "मला म्हनायचं, रशीदा, त्या गावात बायका बांगड्या कमी भरत्यात, पन पानी गोड हाय."

मी उंबऱ्यावर बसलो. त्यो कोमट घोट, प्लॅस्टिकच्या वासाचा, परत तोंडात आला.

रशीदा आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. भाईर आली ती तांब्या घेऊन. माझ्याम्होरं ठिवला आनि दाराला पाठ लावून, दुसरीकडं बगत हुबी ऱ्हायली. माझ्याशी पुन्यांदा एक शब्द बोलली न्हाई. मला दिसाला किती पानी प्यायचं ते बाईंनी ठरवून दिलेलं व्हतं. मी आख्खा तांब्या प्यालो.

मी बरूबर केलं का चूक केलं, ते इचारू नगा. डागदर म्हनलं टेबलावर गेला असता. दस्तगीर म्हनला व्हता, जाता जाता तरी गेलो असतो. दोघंबी खरं बोलत व्हतं.

ऊन उतरलं बगा. माझी चालायची येळ झाली. हितनं त्या वड्याच्या पुलापतुर जायाचं आनि परत यायचं, रोजचं हाय. अलीकडं माझाबी दम पुलाच्या अलीकडंच जातो. घरी कळू देत न्हाई मी. सून इचारती, आप्पा, बरं वाटतंय ना, मी म्हनतो हूं. पोरगं फोनवर इचारतं, मी म्हनतो हूं. त्येंना गोड वाटतं, ती आपल्या कामाला लागत्यात. मीबी दस्तगीरकडनंच शिकलोय ते.

तर उठा. तेवढं माझ्यासंगं पुलापतुर चला. हात धरू नगा, मी चालतो. पन वाटंत मला असं कायतरी इचारा, ज्येचं उत्तर हूं म्हनून देता येनार न्हाई.